मूठ पिळूनही होडी पुढे का सरकत नाही?
भरसमुद्रात आउटबोर्ड मोटरचा दम सुटण्यामागची कारणे आणि ती शोधण्याची रीत

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला, की कोकण किनाऱ्यावरील कोळीवाड्यांतून होड्या पुन्हा पाण्यात उतरू लागतात. मोठ्या ट्रॉलरना आत बसवलेले डिझेल इंजिन असते. परंतु खाडीत आणि किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या लहान होड्यांचा सारा भार मागच्या फळीवर टांगलेल्या आउटबोर्ड मोटरवर असतो. पावसाळ्यातील दीड-दोन महिने ही मोटर घराच्या पडवीत निजलेली असते. किनाऱ्यावर दोरी ओढताच ती सुरू होते, बंदरातून बाहेरही पडते. मग खाडीच्या मुखाशी, जेथे लाटा फुटतात आणि ताकदीची खरी गरज असते, तेथे तिचा आवाज खाली येतो. मूठ कितीही पिळली, तरी होडी वेग घेत नाही.

इंजिन पूर्ण बंद पडणे आणि त्याने दम सोडणे, यांत दुसरी अवस्था अधिक फसवी असते. बंद पडलेल्या इंजिनाकडे लक्ष द्यावेच लागते. मरगळलेले इंजिन मात्र ‘चालते आहे ना’ या समजुतीवर आणखी दामटले जाते. काही रुपयांच्या रबरी नळीचा बिघाड इंजिन निकामी होण्यापर्यंत जातो, तो याच समजुतीमुळे. शिवाय वेग गमावलेली होडी लाटांना आडवी होते आणि आडवी झालेली होडी उलटण्यास वेळ लागत नाही.

हा प्रश्न केवळ मच्छीमारांचा नाही. तारकर्ली-देवबागच्या पाण्यात पर्यटकांना नेणाऱ्या अनेक नौका अशाच मोटरवर चालतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरच्या महापुरात माणसांना बाहेर काढणाऱ्या रबरी बोटींनाही हीच यंत्रे जोडलेली होती.

आवाज काय सांगतो?

नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेतील मिलवॉकी येथे स्थायिक झालेल्या ओले एव्हिनरूड यांनी 1909 च्या सुमारास आपली आउटबोर्ड मोटर बाजारात आणली. त्यानंतर या यंत्रात पुष्कळ सुधारणा झाल्या. पण मूळ मांडणी तीच राहिली. वर इंजिन, मधून खाली जाणारा उभा दांडा, तळाशी दंतचक्रांची पेटी आणि तिला जोडलेला पंखा. इंजिनाला योग्य प्रमाणात इंधन व हवा हवी, वेळेवर ठिणगी हवी आणि थंड राहण्यासाठी पाणी हवे. निर्माण झालेली ताकद पाण्यात उतरवण्यासाठी पंखा धड हवा. दम सुटण्याची बहुतेक कारणे या चार गोष्टींत सापडतात.

यांपैकी कोणते कारण आहे, याचा पहिला पुरावा कानांना मिळतो. वेगाबरोबर इंजिनाची रेसही खाली आली असेल, तर दोष इंधनात किंवा ठिणगीत शोधावा. रेस वाढते आहे पण होडी पुढे जात नाही, असे असेल तर इंजिन निर्दोष असून घोटाळा पंख्यापाशी आहे. आणि रेस एका ठरावीक मर्यादेवर अडकून राहिली, सोबत भोंगाही वाजत असेल, तर इंजिन स्वतःचा बचाव करीत आहे, असे समजावे. एवढा भेद केला, तरी निम्मे काम होते.

रबरी फुग्याची परीक्षा

आउटबोर्ड मोटरच्या तक्रारींचा मोठा वाटा इंधनाच्या वाटेवरच असतो. टाकी होडीत आणि इंजिन मागे, यांना जोडणाऱ्या नळीत हाताने दाबायचा एक रबरी फुगा असतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी इंधन वर चढवण्यासाठी तो असतो, एवढेच सामान्यतः ठाऊक असते. प्रत्यक्षात तो भरसमुद्रात हाताशी असलेले उत्तम तपासणी यंत्र आहे.

इंजिन मरगळताच हा फुगा दोन-चार वेळा दाबून पाहावा. दाबताच इंजिनात जीव आला, तर त्याला इंधन कमी पडत होते, हे सिद्ध झाले. मग फुगा कसा लागतो ते पाहावे. तो चपटा होऊन आत ओढला जात असेल, तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. तो कितीही दाबला तरी घट्ट होत नसेल, तर कोठून तरी हवा शिरते आहे. नळीची चीर, सैल पट्टी किंवा जोडणीतील झिजलेली रबरी कडी तपासावी. फुगा ठीक असून तो दाबत राहिल्यावरच इंजिन चालत असेल, तर इंजिनावरील इंधनपंपाचा पातळ पडदा फाटल्याची शंका घ्यावी. फुग्यावरील बाणाचे तोंड इंजिनाकडे असावे, हेही पाहिलेले बरे.

टाकीकडील अडथळ्यात सर्वांत साधे कारण झाकणावरील हवेच्या स्क्रूचे असते. वाहतुकीत सांडू नये म्हणून तो आवळतात आणि निघताना सैल करायला विसरतात. इंधन जसजसे खर्च होते, तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि काही मिनिटांतच पुरवठा खुंटतो. झाकण उघडताना ‘सुस्स’ असा आवाज आला आणि नंतर मोटर सुरळीत चालली, तर निदान झाले. दुसरा दोष नजरेआड राहतो. जुन्या नळीचे आतील अस्तर सुटून वाट अडवते, बाहेरून मात्र नळी नव्यासारखी दिसते.

कार्ब्युरेटर असलेल्या मोटरमध्ये आणखी एक खूण उपयोगी पडते. मोटर हळू चालताना ठीक आणि मूठ पिळताच दम सोडत असेल, तर मुख्य जेटमध्ये कचरा असण्याची किंवा पुरवठा अपुरा असण्याची शक्यता अधिक. याउलट वेगात ठीक पण रेस कमी करताच बंद पडत असेल, तर कमी वेगाचा बारीक जेट तुंबलेला असतो. पडून राहिलेले पेट्रोल उडून जाताना मागे चिकट थर ठेवते, तो याच छिद्रांत बसतो. हंगामाच्या पहिल्याच फेरीत मोटर दगा देते, त्यामागे अनेकदा एवढेच कारण असते.

पाणी आणि इथेनॉल

पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते आणि इंधन ओढणारी नळीही तळाशीच असते. त्यामुळे चार थेंब पाणीसुद्धा आधी इंजिनाकडे जाते. पारदर्शक बाटलीत थोडे इंधन काढून स्थिर ठेवले, की पाण्याचा थर खाली वेगळा दिसतो.

2025 पासून देशभरातील पंपांवर प्रामुख्याने 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी शोषून घेते. काही प्रमाणापर्यंत हे पाणी मिसळून राहते. प्रमाण ओलांडले, की इथेनॉल आणि पाणी एकत्र येऊन तळाशी वेगळे होतात. पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक मोटरला हे विशेष घातक, कारण तेल वरच्या पेट्रोलबरोबर राहते आणि इंजिन खालचा थर ओढते. दमट किनाऱ्यावर अर्धी टाकी महिनोन्‌महिने ठेवणे म्हणूनच टाळावे. जुनी नळी आणि रबरी भाग इथेनॉल सोसणारे आहेत किंवा नाहीत, हेही तपासून घ्यावे.

येथेच दामटण्याचा धोका स्पष्ट होतो. टू-स्ट्रोक मोटरमध्ये वंगणाचे तेल इंधनासोबतच आत येते. इंधन कमी पडले, की तेलही कमी पडते. अशा वेळी मूठ पिळून ताकद मागत राहिल्यास पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो आणि मग दुरुस्ती नळीची न राहता इंजिनाची होते.

ठिणगी

दोन सिलिंडरच्या मोटरमध्ये एका सिलिंडरची ठिणगी गेली, तरी ती चालत राहते; पण थरथरते आणि ताकद निम्म्याहून खाली येते. स्पार्क प्लग काढून पाहिल्यास दोषी सिलिंडर ओळखता येतो. निरोगी प्लगचे टोक फिकट तपकिरी असते. काळे व तेलकट टोक तेल अधिक झाल्याचे किंवा ठिणगी क्षीण असल्याचे सांगते. पांढरे पडलेले टोक इंजिन तापल्याचे अथवा इंधन कमी पडल्याचे. पेट्रोलने ओला झालेला प्लग पेटलेलाच नसतो. खाऱ्या हवेने तारांची टोके गंजतात, म्हणून जोडण्याही पाहाव्यात. इंधनाची वाफ असलेल्या जागी ठिणगी पाडून बघण्याचा मोह मात्र धोक्याचा. जवळचा नवा प्लग बसवून फरक पाहणे अधिक सुरक्षित.

पाण्याची बारीक धार

आउटबोर्ड मोटर भोवतीचेच पाणी वर खेचून स्वतःला थंड ठेवते. हे काम खालच्या भागातील रबरी पात्यांचे छोटे चक्र करते. पाणी फिरत असल्याची खूण म्हणजे मोटरच्या मागून पडणारी बारीक धार. ती क्षीण झाली, तर आत येण्याची जाळी प्लॅस्टिक पिशवीने झाकली आहे का, हे इंजिन बंद करून पाहावे. पुराच्या पाण्यात हा प्रकार नेहमीचाच. तेथील गाळ रबरी पातीही झिजवतो. धारेच्या छिद्रात मीठ अडकले असल्यास बारीक तारेने ते मोकळे होते. तरीही धार आली नाही, तर इंजिन चालवू नये.

अनेक आधुनिक मोटर तापताच आपोआप रेस कमी करतात. तो बिघाड नसून इशारा असतो. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने मोटर धुऊन काढल्यास आतील वाटांत मीठ साचत नाही. पाण्याशिवाय मोटर क्षणभर चालवून बघण्याची सवय मात्र त्या रबरी पात्यांचा बळी घेते.

इंजिन धावते, होडी नाही

पंख्याच्या मध्यभागी रबराचे बूच असते. पंखा खडकावर आपटला, तर धक्का त्याने सोसावा, ही त्यामागील योजना. ते सुटले, की आतील दांडा फिरतो, पंखा मागे राहतो. लहान मोटरमध्ये हेच काम एक पिन करते आणि ती तुटते. रबर सुटलेल्या मोटरवर मूठ अलगद ठेवली, तर पंखा बहुधा फिरत राहतो. संथपणे का होईना, घरी परतता येते. घाई केली तर तेही जाते.

जाळ्याचा दोरा पंख्यात गुंतला, तर वेग कमी होतोच, पण तो दांड्यावर आवळून तेथील रबरी सीलही कापतो. पुढे दंतचक्रांच्या पेटीत पाणी शिरते आणि तेथील तेल दुधाळ दिसू लागते. मोटर फार वर बसवली असेल, तर पंखा पाण्याबरोबर हवाही ओढतो. पंख्यावरील आडवी पट्टी साधारणपणे होडीच्या तळाच्या पातळीत असावी. तळाला चिकटलेले बार्नेकल आणि फळीखाली साचलेले पाणी यांचा दोषही पुष्कळदा इंजिनावर ढकलला जातो. पंख्याला हात लावण्यापूर्वी इंजिन बंद करून सुरक्षेची दोरी काढणे अनिवार्य आहे.

आधी नांगर, मग पाना

समुद्रात दम सुटल्यावर पहिले काम दुरुस्तीचे नाही. मूठ खाली आणावी, सर्वांनी जीवरक्षक जाकिटे घातल्याची खात्री करावी आणि होडी किनाऱ्याकडे किंवा खडकांकडे वाहत असेल तर नांगर टाकून तिचे तोंड लाटांकडे करावे. त्यानंतर क्रम असा: हवेचा स्क्रू, रबरी फुगा, नळी, इंधनातील पाणी, पाण्याची धार, पंखा, प्लग. एवढ्याने उलगडा झाला नाही, तर सिलिंडरमधील दाब किंवा विद्युत भागांतील दोष असू शकतो आणि तो मेकॅनिककडेच तपासावा लागतो.

दुरुस्तीनंतरची चाचणीही पाण्यातच हवी. पिंपात चालवलेल्या मोटरवर होडीचा भार नसतो. दम सुटणे हा दोष तर भाराखालीच प्रकट होतो. हंगामापूर्वी बंदराच्या आत, नेहमीचे वजन घेऊन अर्धा तास पूर्ण वेगाने घेतलेली फेरी म्हणूनच मोलाची ठरते. नवी नळी, दोन जादा प्लग, पाना, एक पिन आणि वल्ह्यांची जोडी एवढे सामान होडीच्या कोपऱ्यात सहज मावते. खाडीच्या मुखाशी मोटरचा आवाज उतरतो, तेव्हा घरी परतणे त्यावरच अवलंबून असते.