कुत्र्याने विषारी झाड चघळल्यास

राखणीचा कुत्रा शेतकऱ्याला घरच्या माणसासारखाच असतो. दात येत असलेले पिलू किंवा दिवसभर बांधून ठेवलेला कुत्रा तोंडाशी येईल ते चघळतो. कुंडीतील रोपे व अंगणातील झाडेही त्यातून सुटत नाहीत. तुळस, गुलाब किंवा जास्वंदीची पाने चघळल्याने सहसा अपाय होत नाही. परंतु काही झाडे प्राणघातक असतात. म्हणून कुत्र्याने कोणते झाड खाल्ले, हे प्रथम ओळखावे.

तोंड पोळणारी झाडे : अळू, मनी प्लँट व डिफेनबेकिया यांच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते रुतल्याने लाळ गळते, जीभ सुजते व कुत्रा पंजाने तोंड घासतो. ओल्या फडक्याने तोंड पुसून पिण्यास पाणी द्यावे. बहुधा काही तासांत उतार पडतो. श्वास घेण्यास त्रास होऊ लागल्यास मात्र तत्काळ पशुवैद्यकाकडे न्यावे.

प्राणघातक झाडे : कण्हेर व पिवळी कण्हेर यांचे सर्व भाग विषारी असून वाळलेल्या पानांतही विष टिकून राहते. ओकारी व हगवण होऊन हृदयाचे ठोके मंद व अनियमित होतात. सायकसने यकृत बिघडते. एरंडीचे किंवा गुंजेचे बी चावून फोडले गेल्यास विष शरीरात भिनते. या विषांची लक्षणे कधी कधी उशिरा दिसतात. म्हणून ती दिसण्याची वाट पाहू नये.

अशा वेळी पुढीलप्रमाणे करावे :

१. तोंडातील पाने व बिया काढून टाकाव्यात. त्या वेळी कुत्रा चावणार नाही, ही खबरदारी घ्यावी.

२. मिठाचे पाणी पाजून ओकारी करवू नये; मिठाचीच विषबाधा होऊ शकते. सुस्त कुत्र्याला तेल किंवा दूध पाजल्यास ते फुप्फुसात जाते.

३. झाडाची फांदी सोबत घेऊन कुत्र्याला त्वरित पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. किती व केव्हा खाल्ले, ते सांगावे. वेळेत पोहोचल्यास पशुवैद्यकास विष शरीरात भिनण्यास अटकाव करता येतो.

कण्हेरीच्या छाटलेल्या फांद्या अंगणात किंवा गोठ्याजवळ टाकू नयेत. गुरांनाही त्या तितक्याच घातक आहेत. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरभेटीच्या वेळी अंगणातील अशी झाडे कुटुंबातील सर्वांना, विशेषतः मुलांना, दाखवून द्यावीत. कुत्र्याला जे विष बाधते, ते मुलांनाही बाधते.