उपकरणाची हद्द आणि तिची मोजणी

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या वाटेवर, भातसा नदीच्या कांठीं सापगाव आहे. तेथें भाताचें खाचर विकत घेणारा शहाणा गृहस्थ सातबाऱ्यावरील क्षेत्र वाचून स्वस्थ बसत नाहीं. मोजणी मागवून हद्दीच्या खुणा स्वतः पाहतो.

संगणकाच्या पोटांतही असाच व्यवहार चालतो. पत्त्यांच्या अफाट शिवारांत प्रत्येक उपकरणाला एक पट्टा नेमून दिलेला असतो, व त्यांत त्याचीं रजिस्टरें असतात. ड्रायव्हर नांवाचा आज्ञासंच तेथें आंकडे लिहून उपकरणाकडून काम करवून घेतो.

पट्टा केवढा, हें सांगतो कोण? पीसीआय जातीच्या कार्डाला विचारण्याची रीत मोठी मौजेची आहे. त्याच्या आरंभपत्त्याच्या खणांत सगळे एक भरावयाचे आणि पुन्हां वाचावयाचे. खुणेचे कांहीं अंक वगळतां, खालचे जे अंक शून्यच राहतात त्यांवरून आकार निघतो. पुष्कळ लहान यंत्रांत मात्र आरंभ व लांबी ‘डिव्हाइस ट्री’ या तक्त्यांत कोणी माणसानें लिहून ठेविलेली असते. आणि माणूस लिहितो तेथें चूक आलीच.

लिनक्स पट्ट्याचा पहिला व शेवटचा असे दोन्ही पत्ते नोंदतें. पहिला ० आणि शेवटचा ४०९५ असल्यास वजाबाकी ४०९५ येते. जागा मात्र ४०९६ असतात. हा एक निसटूं नये म्हणून ‘रिसोर्स साइज’ हा तयार हिशेब तेथें ठेविलेला आहे. ड्रायव्हरनें तो आकार आपल्या गरजेशीं ताडावा आणि कमी भरल्यास चूक कळवून माघार घ्यावी.

ही तपासणी टाळल्यास यंत्र तत्काळ बंद पडेल, असें वाटेल. तसें झालें तर भाग्यच म्हणावयाचें! प्रोसेसर जागा पानापानांनीं उघडतो, आणि एक पान बहुधा ४०९६ बाइटांचें असतें. पट्टा २५६ बाइटांचाच असला तरी अख्खें पान खुलें होतें. मग ३०० व्या जागीं लिहिणाऱ्या ड्रायव्हरला कोणी अडवीत नाहीं. त्याच पानावर दुसरें उपकरण असेल, तर त्याचें रजिस्टर बदलून जातें. दोष दिसतो शेजाऱ्याच्या दारीं, आणि दुरुस्ती करणारा दिवसचे दिवस त्याच निरपराध घराची झडती घेत राहतो.

लिनक्सवरील यंत्रांत ‘आयओमेम’ या यादींत हे पट्टे ओळीनें वाचावयास मिळतात. परंतु पूर्ण अधिकार नसलेल्यास हल्लीं पत्त्यांच्या जागीं नुसतीं शून्यें दिसतात.