आयर्लंडचा कैवारी, डहाणूचा लोहमार्ग

डहाणू रोड स्थानकातून भल्या पहाटे मुंबईची गाडी पकडणाऱ्या नोकरदारांना आणि विद्यार्थ्यांना, आपण ज्या रुळांवरून जातो ते मुळात कोणाच्या विचारातून पडले, हा प्रश्न सुचण्याचे कारण नाही. मुंबई-ठाणे लोहमार्ग आणि बोरघाट यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो. पश्चिम किनाऱ्याच्या मार्गाच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. त्यामुळे लेफ्टनंट कर्नल जॉन पिट केनेडी हे नाव या पट्ट्यात कोणाच्या ओठी नसावे, यात नवल नाही. परंतु या गृहस्थाचे चरित्र पाहिले की रेल्वेच्या इतिहासापलीकडचा एक प्रश्न समोर येतो, आणि तो आजही शिळा झालेला नाही.

केनेडी १७९६ साली आयर्लंडमधील डोनेगल परगण्यात जन्मले. लष्करी अभियंता म्हणून त्यांनी भूमध्य समुद्रातील सेफालोनिया बेटावर चार्ल्स नेपियर यांच्या हाताखाली रस्ते बांधले. पुढे मायदेशी परतून त्यांनी शेतीशिक्षणाच्या कार्याला वाहून घेतले. १८३५ मध्ये त्यांनी एक पुस्तिका लिहिली. आयरिश माणसाला शिकवा, काम द्या, फासावर चढवू नका, असे तिचे शीर्षकच सांगत होते; आणि इंग्रजी भांडवलावाचून आयर्लंड संपन्न होऊ शकेल, असे आश्वासन उपशीर्षकात होते. १८४३ साली आयर्लंडमधील जमीनधारणेच्या चौकशीसाठी डेव्हन आयोग नेमला गेला, तेव्हा त्याचे सचिवपद केनेडींकडेच आले. जमीनदाराच्या मर्जीवर जगणारे कूळ कसे पिचते, हे त्या पिढीतील फारच थोड्या इंग्रज अधिकाऱ्यांना त्यांच्याइतके ठाऊक असेल.

१८४९ मध्ये नेपियर सरसेनापती होऊन हिंदुस्थानात आले आणि त्यांच्यासोबत लष्करी चिटणीस म्हणून केनेडीही आले. सिमल्याकडून तिबेटच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याच्या कामाशी त्यांचे नाव जोडलेले आहे. त्यानंतर ते सरकारचे रेल्वेविषयक सल्लागार अभियंता झाले. डोंगर फोडीत बसण्यापेक्षा सखल प्रदेशातून आणि किनाऱ्याकाठाने रूळ न्यावेत, असा त्यांचा आग्रह होता. तो घेऊन ते विलायतेस परतले आणि बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनीच्या उभारणीत पुढाकार घेऊन तिचे व्यवस्थापकीय संचालक झाले. १८५५ साली कंपनीचा सरकारशी करार झाला. १८६० मध्ये अंकलेश्वरजवळ पहिला टप्पा सुरू झाला आणि १८६४ मध्ये गाडी मुंबईच्या ग्रँट रोडपर्यंत पोहोचली. खाड्यांवर आणि नद्यांवर लोखंडी पूल उभे राहिले. केनेडी १८७९ मध्ये लंडनमध्ये वारले.

अभियंता म्हणून त्यांची दृष्टी अचूक होती, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु या कंपनीचा पाया कशावर होता? भागधारकांच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिली होती आणि जमीन फुकट दिली होती. उत्पन्न कमी पडले तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरून निघायची. आयर्लंडला इंग्रजी भांडवल नको म्हणणारा माणूस इथे त्याच भांडवलाचा कारभारी झाला होता.

रूळ येण्यापूर्वीही डहाणूच्या जंगलातील लाकूड खाड्यांतून गलबतांनी मुंबईला जात होते. रेल्वेने ती बाजारपेठ आणखी जवळ आणली. लाकूड, कोळसा आणि गवत यांना भाव आला. पण तो भाव वारल्याच्या झोपडीपर्यंत आला नाही. जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या, वेठबिगार वाढली आणि लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी माणूस पिढीजात लग्नगडी झाला. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाअखेरीस आपल्या अहवालात ही दुरवस्था नोंदवली. मे १९४५ मध्ये, आज तलासरी तालुक्यात असलेल्या झरी येथे, किसान सभेच्या मेळाव्यात वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली पाचशे पौंड गवत कापण्याला अडीच रुपये मजुरी मागितली गेली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड याच्यासह पाच जणांचा बळी गेला. ज्या गवतावर मुंबईची जनावरे पोसली जात, त्याच्या कापणीचा हिशेब असा रक्ताने मांडावा लागला.

याचा दोष एकट्या केनेडींच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सावकारी त्यांनी निर्माण केली नव्हती. रेल्वेने या प्रदेशाला शाळा, दवाखाने आणि नोकऱ्या जवळ केल्या, हेही खरे. घोलवड-डहाणूच्या चिकूला दूरच्या बाजारपेठा याच मार्गाने लाभल्या. तथापि एक गोष्ट विसरून चालणार नाही. कुळाचे दुःख आयर्लंडमध्ये ज्याला दिसले, त्याच्या कंपनीच्या करारात डहाणूच्या कुळाला कोठेच जागा नव्हती. लंडनच्या कचेरीतील नकाशावर उतार, पूल आणि अंतरे होती, माणसे नव्हती.

आज नकाशे लंडनमध्ये काढले जात नाहीत. कंपनी गेली आणि १९५१ साली पश्चिम रेल्वे झाली. पण सवय गेली काय? मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांतून जाणार आहे, आणि तिचे स्थानक मात्र दोहोंपैकी एकातही नाही. वाढवण बंदराला १९९८ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये परवानगी दिली आणि २०२४ मध्ये पायाभरणी झाली. विकास नको, असे कोणी म्हणत नाही. मच्छीमार आणि आदिवासी विचारतात ते एवढेच की, आमच्या जमिनीवरून आणि समुद्रावरून जाणाऱ्या या रेषांमध्ये आमचा वाटा कोणता?

शिकवा आणि काम द्या, हे केनेडींचे आयर्लंडसाठीचे सूत्र होते. आपल्या मार्गावरच्या मुलुखासाठी त्यांनी ते वापरले नाही. परक्यांकडून ही चूक झाली, तेव्हा तिला आपण शोषण म्हटले. स्वकीयांच्या राज्यात तिची पुनरावृत्ती झाली, तर तिला दुसरे नाव देण्याचा अधिकार आपल्याला कसा मिळेल?