गळवाल्यांना विचारा, पण नीट विचारा!

अमेरिकेतील मिशिगन सरोवर सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर पसरलेले आहे. त्यातले मासे मोजायचे कसे? पाणी उपसून तर पाहता येत नाही! आणि मोजणे तर भाग आहे.

त्याचे असे झाले. एलवाइफ नावाचा लहानसा सागरी मासा वेलंड कालव्याच्या वाटेने या सरोवरांत शिरला. त्याला खाऊ शकणारे मोठे मासे लॅम्प्रे या रक्तशोषक प्राण्याने आणि बेसुमार मासेमारीने जवळजवळ संपले होते. मग काय, एलवाइफ माजले. १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे ढीग किनाऱ्यावर कुजत पडले. त्यांना खाण्यासाठी पॅसिफिक किनाऱ्याकडचे सॅमन आणले गेले; १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक जातीची पिले सोडली. ती चांगली पोसली आणि गळ टाकणाऱ्या हौशी लोकांची रीघ लागली. पिले वाढवून सोडण्याचे काम तेव्हापासून सुरू राहिले. पण सोडलेल्या पिलांचा उपयोग किती होतो?

हे कळण्याचा एक मार्ग म्हणजे गळवाल्यांनाच विचारणे. निवडलेल्या दिवशी पाहणीदार धक्क्यावर उभा राहतो आणि परतणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, ‘किती तास बसलात? किती मासे मिळाले?’ रिकाम्या हाताने परतणाऱ्यालाही विचारायचे बरे का! तो बिचारा गुपचूप निघून जातो, आणि त्याला वगळले की सरोवर उगीचच भरलेले दिसते. सुटीच्या दिवशी गर्दी वेगळी, म्हणून त्या दिवसांचा हिशेबही वेगळा ठेवतात.

आता गणित पाहा. एकाला १ तासात १ मासा मिळाला, दुसऱ्याला ५ तासांत १. तासाला सरासरी किती? पहिल्याचा दर १, दुसऱ्याचा ०.२, त्यांची सरासरी ०.६, असे तुम्ही म्हणाल. थांबा! दोघांनी मिळून ६ तासांत २ मासे धरले, म्हणजे तासाला सुमारे ०.३३. सर्वांचे मिळून ६०० तास झाले असतील, तर पहिल्या हिशेबाने ३६० मासे येतात, दुसऱ्याने २००. जाताना आणि येताना गाडीचा वेग वेगळा असला की सरासरी वेग काढताना हीच गफलत होते. उत्तरपत्रिकांत ती मला दरवर्षी भेटते.

मात्र पाहणीदार धक्क्यावर न थांबता होडीने फिरत, गळ टाकून बसलेल्यांनाच गाठू लागला, तर गोष्ट बदलते. ५ तास बसणारा त्याला भेटण्याची शक्यता १ तास बसणाऱ्याच्या पाचपट! नमुन्यात चिवट माणसेच जास्त येतात. अशा वेळी प्रत्येकाचा दर काढून त्यांची सरासरी घेणेच अधिक योग्य ठरते. फक्त नुकतेच बसलेले तेवढे वगळायचे. प्रश्न तोच, पण विचारण्याची जागा बदलली की सूत्र बदलते.

एवढे करून धरलेल्या माशांची संख्या कळली. पण त्यांतले सोडलेले कोणते आणि तिथेच जन्मलेले कोणते? हे गळवाल्याला सांगता येणार नाही. मासाच पाहावा लागतो. २०११ पासून मिशिगन सरोवरात सोडायच्या चिनूक पिलांचा, शेपटीजवळ पाठीवर असणारा छोटा मांसल पर कापू लागले. शिवाय नाकाडात सुमारे १ मिलिमीटर लांबीची, सांकेतिक खूण असलेली तार बसवली. पर नसलेला मासा सोडलेला, पर असलेला नदीत जन्मलेला.

गळवाल्यांचे मासे तपासल्यावर दिसले, की निम्म्याहून अधिक चिनूक नैसर्गिकरीत्या जन्मलेले आहेत! माणसांनी सोडलेली पिले आणि नदीतली पिले, दोघांचे अन्न मात्र एकच, एलवाइफ. शेजारच्या ह्युरॉन सरोवरात २००३-०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळले आणि पाठोपाठ चिनूकही. ते उदाहरण डोळ्यांसमोर होते. म्हणून मिशिगन सरोवरात सोडायच्या चिनूक पिलांची संख्या २०१३ मध्ये जवळजवळ निम्म्यावर आणली गेली.