अनोळखी ग्राहकास पहिले पत्र

काशी ही जशी मोक्षनगरी, तशीच ती शतकानुशतकांची बाजारपेठही आहे. महाराष्ट्रातील विवाहसोहळ्यात नववधूच्या अंगावर शोभणारा बनारसी शालू याच नगरीच्या मागांवर विणला जातो. मदनपुरा, अलईपुरा यांसारख्या वस्त्यांत तो तयार होतो आणि कुंजगलीसारख्या बाजारांतील गाद्यांवरून देशोदेशी रवाना होतो. पूर्वी या व्यवहारात ग्राहक एकतर स्वतः गादीवर येई किंवा कोणा आडत्याच्या ओळखीने येई. आज वाराणसीतील लहान व्यापाऱ्यालाही पुण्यातील वा लंडनमधील दुकानदाराशी थेट संपर्क साधता येतो, आणि त्याचे सर्वांत स्वस्त साधन आहे ई-मेल. प्रश्न उरतो तो एवढाच की, ज्याने आपले नावही ऐकलेले नाही, त्याला पहिले पत्र लिहावे कसे?

अशा अनाहूत विक्रीपत्रास व्यापारी जगतात ‘कोल्ड ई-मेल’ म्हणतात. त्याचा इतिहास महाजालाहूनही जुना आहे. ३ मे १९७८ रोजी अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थ्युर्क यांनी आर्पानेट या तत्कालीन संगणकजालावरील सुमारे ४०० जणांना नव्या यंत्रांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण पाठविले. सर्वांना एकच मजकूर होता. काहींनी यंत्रांत रस दाखविला, अनेक जण संतापले. पुढे नाव आणि गाव तेवढे बदलून तेच पत्र हजारोंना पाठविण्याची सोय संगणकाने करून दिली. परंतु वाचणाऱ्याला ‘हे पत्र माझ्यासाठी लिहिलेले नाही’ हे कळायला वेळ लागत नसे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि चित्र पालटले. दुकानाच्या संकेतस्थळावरील माहिती पुरविली, की कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी अशी साधने प्रत्येक दुकानदारासाठी निराळे पत्र काही क्षणांत लिहून देतात. भाषेची भिंतही खाली येत आहे. १७ डिसेंबर २०२३ रोजी वाराणसीच्या नमो घाटावर काशी तमिळ संगममच्या उद्घाटनप्रसंगी पंतप्रधानांच्या हिंदी भाषणाचा तमिळ अनुवाद ‘भाषिणी’ या शासकीय प्रणालीने तत्क्षणी श्रोत्यांपर्यंत पोचविला होता. हिंदी बोलणाऱ्या व्यापाऱ्याने दादरच्या दुकानदारास मराठीत पत्र पाठविणे, ही आता अवघड गोष्ट राहिलेली नाही.

काशीची वही

अनोळखी माणसाला आपलेपणाने हाक मारण्याची विद्या मात्र काशीला नवी नाही. यात्रेकरू आला की तीर्थोपाध्याय प्रथम त्याचे आडनाव आणि मूळ गाव विचारतात व त्यावरून कुळाची वही काढतात. त्या कुळातील कोण, कधी, कोणासमवेत येऊन गेले, याच्या नोंदी तीत असतात. पणजोबांची स्वाक्षरी दृष्टीस पडली की परका यात्रेकरू क्षणात घरचा होतो. त्यात श्रद्धा आहेच. पण उपाध्यायांच्या वृत्तीचा, म्हणजेच उपजीविकेचा, आधारही ती वहीच आहे.

या वहीचे बळ दोन गोष्टींत आहे. एक म्हणजे तीतील नोंद खरी असते. आणि दुसरी म्हणजे, ती त्या कुळातील माणसाने स्वतःच्या इच्छेने दिलेली असते. यंत्राला आपुलकीची भाषा उत्तम साधते. परंतु सत्य आणि संमती या दोन गोष्टी त्याच्याजवळ आपोआप येत नाहीत. त्या व्यापाऱ्यालाच पुरवाव्या लागतात.

असे का, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. ही प्रणाली एका शब्दामागून कोणता शब्द येणे संभवते, या अंदाजावर वाक्ये रचते. माहिती अपुरी असली तरी ती थांबेलच असे नाही. रिकामी जागा ती खऱ्यासारख्या भासणाऱ्या मजकुराने भरून काढू शकते. समजा, केवळ सुती वस्त्रे विकणाऱ्या दुकानदाराला ‘आपल्या पैठणी दालनाची कीर्ती ऐकून हे पत्र लिहीत आहे’ असे पत्र गेले, तर पहिल्याच ओळीत पत उतरते. अशा खोट्या जवळिकीपेक्षा साधे, कोरडे पत्र परवडले.

शब्दाची किंमत

याहून गंभीर चूक आपल्या मालाविषयी होऊ शकते. ‘अस्सल हातमाग’, ‘शुद्ध रेशीम’ हे शब्द यंत्र सहज लिहून जाते. बनारसमध्ये मात्र या शब्दांवर हजारो विणकरांची भाकरी अवलंबून आहे. यंत्रमागावरचा आणि अन्यत्र विणलेला माल बनारसी नावाने विकला जाऊ लागल्याने हातमागाचे काम हिरावले गेले. म्हणूनच २००९ मध्ये बनारसी साडी व किनखाब यांना भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. रेशमाच्या शुद्धतेसाठी २००४ पासून ‘सिल्क मार्क’ आणि हातमागाच्या खात्रीसाठी २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ उपलब्ध आहे. जे चिन्ह मालावर नाही, त्याचा दावा पत्रात आला, तर दोष यंत्राचा नव्हे, पत्राखाली नाव असणाऱ्याचा ठरतो.

उलट, खरा तपशील हाच उत्तम विक्रेता असतो. कढुआ विणीत प्रत्येक बुट्टी स्वतंत्रपणे विणली जाते, त्यामुळे वस्त्राच्या पाठीमागे सुटे धागे राहत नाहीत. फेकवा विणीत जादा धागा काठापासून काठापर्यंत जातो व मागाहून कापला जातो. कढुआ विणीस वेळ अधिक लागतो, म्हणून तिचे मूल्यही अधिक. ‘आपल्या संकेतस्थळावर लग्नाच्या शालूंचे दालन पाहिले. आमच्याकडे कढुआ विणीचे लाल व हिरवे शालू आहेत. पाठीमागची बाजू दाखविणारे छायाचित्र सोबत जोडले आहे. नमुना पाठवावा का?’ एवढे चार ओळींचे पत्र पुरेसे आहे. दुकानाची माहिती शोधणे, मराठी मसुदा करणे, ही कामे यंत्राकडे खुशाल द्यावीत. वस्त्राची माहिती गादीवरूनच यावी आणि पत्र धाडण्यापूर्वी जाणत्या माणसाने ते वाचावे.

संख्येचा मोहही आवरावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने दररोज ५,००० हून अधिक संदेश पाठविणाऱ्यांसाठी कडक नियम केले आहेत : आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध करावी, प्रचारपत्रे एका टिचकीसरशी बंद करण्याची सोय द्यावी आणि नकोशा पत्रांच्या तक्रारी हजारी ३ च्या आत ठेवाव्यात. लहान व्यापारी त्या संख्येपर्यंत पोचणार नाही. पण तक्रारी वाढल्या तर त्याच्या पत्त्यावरून जाणारी बिले आणि कोटेशनेही ‘स्पॅम’मध्ये जाऊन पडू शकतात. निवडक वीस दुकानांना नीट पारखून लिहिलेली पत्रे ही दोन हजार पत्रांच्या भडिमारापेक्षा हितकर ठरतात. ‘पुन्हा लिहू नये’ असे कळविणाऱ्याचे नाव यादीतून तत्काळ वगळावे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. कोणाकडून तरी विकत घेतलेल्या पत्त्यांच्या याद्या वापरण्याचा मोह यापुढे महागात पडू शकतो.

पत्र घेणाऱ्यानेही सावध असावे

जे साधन प्रामाणिक व्यापाऱ्याच्या हाती आले, तेच ठकसेनाच्याही हाती आले आहे. पूर्वी फसवे ई-मेल अशुद्ध भाषेवरून ओळखू येत. आता त्यांत आपले नाव, दुकानाचे नाव, नेहमीच्या पुरवठादाराचा उल्लेख, असे सारे काही अचूक असू शकते. त्यामुळे पत्रातील ओळख ही खरेपणाचा पुरावा मानू नये. ‘आमचा खाते क्रमांक बदलला आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी’ असे पत्र आल्यास, त्यातील क्रमांकावर नव्हे, तर आपल्याजवळ आधीपासून असलेल्या दूरध्वनी क्रमांकावर बोलून खात्री करावी. नव्या पुरवठादाराला आगाऊ रक्कम धाडण्यापूर्वी त्याची जीएसटी नोंदणी अधिकृत संकेतस्थळावर पडताळावी. पिन, पासवर्ड वा ओटीपी कोणासही कळवू नये. फसवणूक झालीच, तर विनाविलंब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेत तक्रार नोंदवावी. जितका विलंब, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

व्यापारात पत ही रोकडीइतकीच मोलाची असते, हे बँकेच्या ग्राहकांना निराळे सांगायला नको. यंत्र पहिले पत्र सुंदर लिहून देईल. मात्र दुसरी मागणी येते ती पहिल्या पत्रातला शब्द मालाने खरा केला तरच.