किल्ली कुलपात तुटली? आधी दुकान उघडा, तुकडा मग काढा

बाजाराचा दिवस, सकाळची वेळ. तिरोडा, गोरेगावकडून आलेले गिऱ्हाईक पायरीवर उभे आहे आणि दुकानदाराच्या हातात किल्लीची नुसती मूठ उरली आहे. दाते कुलपात. पाच मिनिटांत भोवती दहा माणसे जमतात आणि प्रत्येकाजवळ एक उपाय असतो. कोणी टाचणी देतो, कोणी मूठ पुन्हा आत खुपसून पाहा म्हणतो, शेवटी कोणी तरी हातोडी-छिन्नी घेऊन येतो. कुलूप जाते, कडी वाकते, चौकट फाटते आणि अर्ध्या दिवसाचा धंदा बुडतो तो वेगळाच.

यातले बरेचसे नुकसान टाळता येते. गडबड होते ती अशी की, दुकानदाराचे सारे लक्ष तुटलेल्या तुकड्याकडे जाते. वास्तविक त्याला त्या घटकेला तुकडा नको असतो, दार उघडून हवे असते. ही दोन कामे वेगळी आहेत आणि पुष्कळदा दुसरे काम पहिल्यापेक्षा सोपे असते.

ते कसे, हे समजण्यासाठी कुलपाचे पोट थोडे पाहिले पाहिजे. दाराला बसवलेल्या लॅचमध्ये किंवा हँडलच्या कुलपात पितळेचा एक गोल सिलिंडर असतो. त्यात स्प्रिंगवर बसवलेल्या बारीक पिना असतात. किल्लीचे दाते या पिनांना नेमक्या उंचीवर उचलतात, सगळ्या पिना एका रेषेत आल्या की आतला गाभा फिरतो. चपट्या किल्लीची ही रचना अमेरिकेत लायनस येल याने १८६१ मध्ये पेटंट केली आणि आजही जगभर तीच चालते. आता विचार करा, किल्ली फिरवताना तुटली म्हणजे तुटण्याच्या क्षणी ती पूर्ण आत होती. तिचे दाते अजून जागेवर आहेत, पिना उचललेल्याच आहेत. कुलपाच्या दृष्टीने किल्ली लागलेलीच आहे, कमी आहे ती फक्त फिरवणारी मूठ.

म्हणून तुकड्याला हात न लावता, टोक फटीत नीट बसेल असा चपटा बारीक स्क्रू-ड्रायव्हर कुलपाच्या तोंडाशी टेकवावा आणि हलक्या हाताने गाभा फिरवून पाहावा. आत ढकलायचे नाही, नुसते वळवायचे. बऱ्याच वेळा कुलूप निमूटपणे उघडते. किल्ली पहिल्याच दात्यापाशी तुटली असेल तर पुढची पिन खाली पडते आणि गाभा अडतो. मग मात्र जोर करू नये. तसेच टाचणीने आधीच खोदून तुकडा जागचा हलवला असेल तर ही युक्ती चालत नाही. जमलेल्या दहा जणांना पहिल्यांदा थांबवायचे ते याचसाठी.

दार उघडले की गिऱ्हाईक करावे. तुकडा दुपारी काढला तरी चालतो.

तुकडा काढताना पहिली अट एकच: गाभा सरळ करून घ्यावा, म्हणजे किल्ली आत घालताना फट जशी असते तशी. अर्धवट फिरलेल्या अवस्थेत पिना दात्यांच्या खाचांत अडकून बसतात, वर जायला त्यांना वाटच नसते, आणि तुकडा कितीही ओढला तरी येत नाही. पक्कड घेऊन पंधरा मिनिटे झटणाऱ्याच्या लक्षात ही गोष्ट येत नाही. स्क्रू-ड्रायव्हरने गाभा मूळ जागी आणला की अर्धे काम झाले.

तुकड्याचे टोक बाहेर दिसत असेल तर नोज प्लायरने सरळ ओढावे. जाड टोकाचा चिमटा वापरू नये, तो पकडण्याऐवजी आत ढकलतो. टोक दिसत नसेल तर सोनार बांधवांकडे मिळणारी बारीक करवतीची पाती मागून घ्यावी. दागिना कापायची ही पाती अगदी पातळ असते. दाते आपल्याकडे वळलेले राहतील अशी ती धरावी, किल्लीच्या दात्यांच्या बाजूने तुकड्याला चिकटून आत सरकवावी, किंचित पिळावी आणि हळू ओढावी. पाती आत जाताना घसरते आणि येताना तुकड्याला धरते. एका पातीने नाही आला तर दोन बाजूंनी दोन पात्या घालाव्यात. चार-सहा वेळा तुकडा केसभर पुढे येतो आणि मग एकदम सुटतो. पाती मोडण्याची भीती असतेच, म्हणून हात सैल हवा.

लोहचुंबकाचा सल्लाही हमखास मिळतो. चपट्या किल्ल्या बहुतेक पितळेच्या असतात, वर चमक निकेलची. पितळेला चुंबक धरत नाही. मुठीला झटपट चिकटणारा डिंक लावून तुकडा चिकटवायचा उपाय मी स्वतः एकदा केला आहे. चिकटला, पण तुकडा कुलपालाच चिकटला, आणि नवा सिलिंडर घ्यावा लागला.

लटकत्या कुलपाची गोष्ट निराळी. त्यातली पुष्कळशी लीव्हरची असतात. ही रचना येलच्याही आधीची, इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरन याने १७७८ मध्ये केलेली. यात किल्ली बहुधा दांडीशी तुटते आणि पान आत राहते. स्क्रू-ड्रायव्हरने ते फिरत नाही. कुलूप तोंड खाली करून धरावे, बारीक तारेने पान फटीच्या रेषेत आणावे आणि बाजूने लाकडाने हलके ठोकावे, ते आपसूक गळते. किल्ली लोखंडी असेल तर इथे चुंबक उपयोगी पडतो. आपल्या बाजारात ही कुलपे मुख्यतः अलीगढहून येतात. उत्तर प्रदेश सरकारने २०१८ मध्ये 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजना काढली तेव्हा अलीगढसाठी कुलपेच निवडली. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये लालबागला कारखाना काढला तोही कुलपांचाच.

शब्दांचेही पाहा. 'कुलूप' हा अरबी 'कुफ्ल', आणि आपण विदर्भात 'चाबी' म्हणतो तो पोर्तुगीजांचा. आणि ज्यांना किल्लीची कटकटच नको आहे त्यांनी आकड्यांच्या कुलपाला नवलाई समजू नये. अल-जझरीच्या १२०६ च्या ग्रंथात अक्षरांच्या चार तबकड्यांचे, बिनकिल्लीचे कुलूप आहे.

किल्ली तुटते का?

एका दिवसात ती सहसा तुटत नाही. तडा आधी जातो, सर्वांत खोल खाचेपाशी, आणि तो दिसतोही, फक्त कोणी पाहत नाही. आपल्या जिल्ह्यात याची दोन कारणे ठळक आहेत. पावसाळ्यात लाकडी दार फुगते, बोल्ट चौकटीच्या खाचेत आवळला जातो आणि माणूस किल्लीनेच दार ओढतो. दार हँडलने ओढून धरावे, किल्ली फक्त फिरवावी. दुसरे कारण भाताचे. राईस मिलच्या परिसरात कोंड्याची धूळ उडत असते, ती कुलपात जाते. त्यावर आपण तेल सोडतो आणि आत लापशी तयार होते. मिलजवळच्या दुकानांनी तेल टाळावे. पेन्सिलीच्या शिशाची बारीक पूड, म्हणजेच ग्राफाइट, किल्लीला चोळून चार वेळा आत-बाहेर करावी. तुकडा काढताना तेल किंवा स्प्रे वापरावा लागतोच. मात्र काम झाल्यावर तो पुसून, वाळवून मगच पूड घालावी.

तुटलेले दोन्ही तुकडे फेकू नयेत. ते जुळवून किल्लीवाला नवी किल्ली कापू शकतो. झिजलेल्या किल्लीवरून कापलेली किल्ली मात्र झीजही उचलते, आणि तिच्यावरून तिसरी केली की ती कुलपात अडखळू लागते. कुलूप घेतले त्याच दिवशी मूळ किल्ली बाजूला ठेवून वापरायला नक्कल करून घ्यावी. ती मूळ किल्ली दुकानाच्या गल्ल्यात ठेवणारे दुकानदार मी पाहिले आहेत. बंद दुकानाच्या आत ठेवलेल्या किल्लीचा बाहेर उभ्या मालकाला काय उपयोग?

आता कारागीर बांधवांसाठी. हत्यारांना धार लावणारे 'शिकलगार', हे नावच 'सैकल' म्हणजे चकाकी या अरबी शब्दावरून आले. धार लावणे, कुलूप दुरुस्त करणे, किल्ली करणे ही कामे एकाच पेटीत मावतात. सालेकसा, देवरीसारख्या ठिकाणी बाजाराच्या दिवशी बसणाऱ्याने पेटीत चार बारीक पात्या, दोन आकडे आणि एक नोज प्लायर ठेवला तर नुसती किल्ली कापण्यापेक्षा तुकडा काढण्याची मजुरी चांगली सुटते. दर आधी सांगावा. काम दोन मिनिटांत झाले की गिऱ्हाइकाला तो महाग वाटतो, आणि तोच कारागीर अर्धा तास घाम गाळताना दिसला की स्वस्त वाटतो. हा अनुभव प्रत्येक कसबी माणसाला आहे, म्हणून बोली आधीच झालेली बरी.

दुसऱ्याच्या घराची किल्ली हातात येते ती अमानत आहे. साबणावरचा ठसा घेऊन कोणी आला तर किल्ली करून देऊ नये, मजुरी दुप्पट मिळत असली तरी. बंद दार उघडायला बोलावले तर शेजारचा एक माणूस उभा करावा आणि वहीत नाव, पत्ता, मोबाईल नंबर व तारीख लिहून सही घ्यावी. उद्या त्या घरी चोरी झालीच तर चौकशीचा फेरा आपल्या पेटीपर्यंत येतो, आणि तेव्हा ही वहीच आपली बाजू मांडते.