चुंबकत्व : अतिसंवाहकतेचे शत्रू की मित्र?

1911 साली हॉलंडमधील लायडन येथे कॅमरलिंग ऑनेस यांना असे आढळले, की पारा 4.2 केल्व्हिनपर्यंत, म्हणजे सुमारे उणे 269 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, की त्याचा विद्युत्‌रोध एकाएकी नाहीसा होतो. हीच अतिसंवाहकता.

असे का व्हावे? या अवस्थेत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने वावरतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा एक इवलासा चुंबकच असतो आणि पाऱ्यासारख्या धातूत जोडीतील दोन चुंबकांच्या दिशा परस्परविरुद्ध असतात. आता अशा धातूत चुंबकीय अणू इतस्ततः विखुरले तर? ते जोडीतील दोघांनाही एकाच दिशेला वळवू पाहतात आणि जोडी फुटते. लँथॅनममध्ये शेकडा एक गॅडोलिनियम मिसळले, तरी अतिसंवाहकता जवळजवळ नष्ट होते, असे 1958 साली अमेरिकेत दिसून आले. तेव्हा चुंबकत्व हे अतिसंवाहकतेचे शत्रू, असाच समज दृढ झाला.

या समजाला 1979 साली धक्का बसला. जर्मनीतील डार्मस्टाट येथे फ्रँक स्टेग्लिश व त्यांचे सहकारी सिरियम, तांबे व सिलिकॉन यांच्या एका संयुगाचा अभ्यास करीत होते. त्यातील सिरियमचे अणू चुंबकीय असतात; पण ते विखुरलेले नसून स्फटिकात ठरावीक अंतराने मांडलेले असतात. वाहणारे इलेक्ट्रॉन त्यांच्यात इतके गुंततात, की जणू वस्तुमान शेकडो पटींनी वाढल्याप्रमाणे जडपणे वागतात. जत्रेत पावलोपावली ओळखीची माणसे भेटली, की आपली चाल मंदावते, तसेच हे. आपले वजन काही वाढलेले नसते! असे असूनही सुमारे अर्ध्या केल्व्हिनला हे संयुग अतिसंवाहक झाले. त्या वेळी विशिष्ट उष्म्याने घेतलेल्या मोठ्या उडीवरून, जोड्या या जड इलेक्ट्रॉनांच्याच आहेत, हे कळले. आणखी गंमत म्हणजे सिरियमऐवजी अचुंबकीय लँथॅनम घातलेले संयुग अतिसंवाहक होतच नाही!

मग चुंबकत्वच जोड्या जुळवते की काय? 1998 साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी सिरियम, पॅलेडियम व सिलिकॉन यांच्या संयुगावरील प्रयोग प्रसिद्ध केले. एरवी 10 केल्व्हिनखाली यातील अणुचुंबक शिस्तीत उभे राहतात; एका थराची दिशा पुढच्या थराच्या उलट. दाब वाढवला की ही शिस्त ढासळत जाते. वातावरणाच्या सुमारे 28,000 पट दाबाला ती मोडण्याच्या बेतात आली आणि नेमकी तेथेच अतिसंवाहकता प्रकटली. शिस्त व बेशिस्त यांच्या सीमेवर डळमळणारे हे चुंबकच जोड्या जुळवीत असावेत, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. ते नेमके कसे, याचा शोध मात्र अजून चालू आहे.

विद्यार्थी मित्रांनो, 1958 चा प्रयोग चुकीचा नव्हता. विखुरलेल्या चुंबकीय अणूंना लागू पडणारा नियम सर्वत्र लागू पडेल, हे गृहीत तेवढे चुकले.